मदत हवी आहे: मीटिऑरला काढता-घालता येणारी बॅकरेस्ट

गाडी रॉयल एनफिल्डची मीटिऑर ३५०, फायरबॉल मॉडेल. वरच्या स्टेलार मॉडेलला बॅकरेस्ट गाडीसोबतच येते, फायरबॉलला नाही. मग बोल्टने कायमची बसवून टाक की, असं सगळेच म्हणतात. पण बायको दोन्हीकडे पाय टाकून बसते; ताम्हिणीतून कोकणात उतरायचं तर तिला पाठीला टेकू हवाच. आई साडीत एका अंगाने बसते. तिला तोच दांडा बरगडीत लागतो, नीट वळून बसताही येत नाही. म्हणून काढता येणारी हवी.

पुण्याच्या नाना पेठेतून एक किट आणलं. ग्रॅब रेलच्या (मागे बसणाऱ्याने धरायचा दांडा) बोल्टवर दोन्ही बाजूंना पट्ट्या. पट्टीवर पुढे-मागे एकेक बुश (छोटी गोल नळी). पुढच्या बुशवर बॅकरेस्टची खाच अडकते, मागच्यावर खटका बसतो. काढायला-घालायला मिनिटही लागत नाही. पण खटका लागल्यावरही वरचं टोक बोटभर हलतं आणि खराब रस्त्यावर खडखड चालू. दुकानदार म्हणतो रबरी वॉशर टाका, मेकॅनिक म्हणतो वेल्डिंग मारून टाकू (मग काढता येणारी घेतली कशाला?). दुसरं म्हणजे पट्टी ५ मिमी जाड आहे आणि बोल्ट जुनेच वापरलेत. चालेल का? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
बोल्ट आधी बघा, खडखड नंतर. पट्टी ५ मिमीची म्हणजे आट्यांची पकड तेवढीच कमी झाली. ८ मिमीचा बोल्ट निदान ८ मिमी तरी आत हवा. जुन्यांपेक्षा ५ मिमी लांब असे नवे घ्या, डोक्यावर ८.८ (मजबुतीचा दर्जा) कोरलेले. उगाच फार लांब नकोत, आत मडगार्डला किंवा वायरिंगला टेकतील. निळं लॉकटाइट (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावा. मागे टेकणाऱ्याने २० किलोचा जोर बोल्टच्या ३० सेंमी वर दिला आणि पुढच्या-मागच्या बोल्टमध्ये १० सेंमी अंतर असेल, तर बोल्टवर ६० किलो येतात. खड्ड्यात त्याहून जास्त. वेल्डिंग अजिबात नको, ग्रॅब रेल जोडाच्या शेजारीच तडकते.

प्रतिसाद २
रबर महिन्याभरात चपटं होतं. खाच आणि बुश दोन्ही व्हर्नियरने मोजा. स्वस्त किटमध्ये बुशच बारीक असते. लेथवाल्याकडून डेलरिनची (कडक प्लास्टिक) बुश करून घ्या, खाचेपेक्षा ०.२ मिमी बारीक. भोसरीत एवढं छोटं कामही कुणीतरी करून देतं. आणि किट बसवताना ग्रॅब रेल काढून टाकायला कुणी सांगितलं तर ऐकू नका. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १२३ प्रमाणे मागच्याला धरायला कायमची पकड लागतेच. आईला तर तीच लागणार.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. मोजलं. खाच १६ मिमी, बुश १४.५! रेल जागेवरच आहे. बोल्ट आजच बदलतो, तोवर बॅकरेस्ट घरात. एकच शंका: बुश डेलरिनची केली तर खटक्याची लोखंडी कड तिला खाणार नाही का?

प्रतिसाद २
कड धारदार असेल तर खाईल. कानशीने गोल करून घ्या. तरी झिजलीच तर बुश बदलायची, पट्टी आणि खटका शाबूत राहतात.