मदत हवी आहे: ऑर्नस्टाइन-स्मॉची जोडी फुटेना

मंडळी, परभणीहून लिहितोय. डार्क सोल्स रिमास्टर्ड या गेममध्ये अॅनॉर लोंडो या भागात ऑर्नस्टाइन आणि स्मॉ या दोन बॉसपाशी अडकलोय. स्मॉचा हातोडा चुकवावा, तर खांबाआडून ऑर्नस्टाइनचा भाला येतोच. एक मेला की दुसरा त्याची ताकद घेऊन पुन्हा फुल हेल्थने उभा, हे लईच झालं! आधी कुणाला उडवू? झ्वाइहँडर ही मोठी तलवार वापरतोय. हॅवेलचं जड चिलखत घातलं की रोल मारताना पोत्यासारखा आपटतो. हलकं काही घालू का? गेममधल्या सोलेर या योद्ध्याला मदतीला बोलावलं तर बॉसची हेल्थ वाढते, मग फायदा होतो का?

आणि हे संपल्यावर २०१४चा दुसरा भाग खेळू की थेट २०१६चा तिसरा? एल्डन रिंग सुचवू नका, माझ्या पीसीला झेपणार नाही. स्टोरी मात्र फोडू नका राव.