दगा देणाऱ्या सहकाऱ्याला माफ करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

आडवाट: काल एकाची पोस्ट वाचली, "ऑफिसात कोणी दगा दिला तर मनातून माफ करा आणि पुढे चला, राग धरणं म्हणजे स्वतःलाच शिक्षा." खाली सगळे हात जोडून वा वा करतायत. डोकं सणकलं म्हणून लिहितेय. तीन वर्षं ज्याच्या खुर्चीला खुर्ची लावून बसले, ज्याच्या आजारपणात त्याचं काम मी ओढलं, त्याने माझा आठ महिन्यांचा रिपोर्ट मीटिंगमध्ये स्वतःचा म्हणून दाखवला. तिसऱ्या तक्त्यात मी घाईत ‘एकूण’च्या जागी ‘एकुण’ टाइप केलं होतं, ते तसंच पडद्यावर. मी त्या एका ऱ्हस्व उकाराकडे बघत बसले, तोंडातून शब्द फुटला नाही. साहेब छान म्हणाले, तो थँक्यू म्हणाला. नंतर एकटा गाठून विचारलं तर म्हणे, "अगं टीमचंच काम आहे ना." त्याला चूक झाली असं वाटतच नाही, मग मी माफ काय करू? आणि पुढे चला म्हणजे कुठे, दुसऱ्या दिवशी त्याच्याच शेजारी बसायचं असतं.

रोखठोक: ताई, जशास तसे. माझ्याशी एकाने असंच केलं, दोन वर्षं झाली, त्याचा एक फोन उचलत नाही की एक फाइल देत नाही. आणि हे शास्त्रानेही सिद्ध झालंय, ॲक्सेलरॉड नावाच्या अभ्यासकाने कॉम्प्युटर स्पर्धा घेतली, त्यात दोन-दोन प्रोग्राम एकमेकांशी खेळायचे आणि दर चालीला साथ द्यायची की दगा हे ठरवायचे, तिथे जशास तसे वागणारा प्रोग्रामच पहिला आला होता.

पारवा: अर्धंच सांगताय. 1980 च्या सुमारासची गोष्ट, पहिल्या स्पर्धेत 14 प्रवेशिका होत्या, दुसरीत 62, दोन्हीकडे रॅपोपोर्ट नावाच्या संशोधकाने पाठवलेला हा जशास तसेवाला, सगळ्यात छोटा प्रोग्राम जिंकला. पण तो स्वतःहून पहिला दगा कधीच देत नाही आणि समोरचा नीट वागला की पुढच्याच चालीला हाही नीट वागतो. जुनं उकरत नाही. शिवाय कुठल्याही एका प्रोग्रामशी खेळलेल्या पूर्ण डावात त्याला समोरच्यापेक्षा जास्त गुण मिळूच शकत नाहीत, सगळ्या डावांच्या बेरजेत तो पुढे गेला. तुम्ही दोन वर्षं डूख धरून बसलात, त्याला जशास तसे म्हणत नाहीत.

रोखठोक: तुमचं बरं आहे, पुस्तकी गणित. तुमच्या पाठीत सुरा गेला की बोला मग.

खिळा: सगळं एकमेकांवर काय ढकलताय, मूळ रोग अप्रेझलमध्ये आहे!! टीममधल्या ठराविक जणांना खालच्या रांगेत टाकायचंच असा नियम असला की शेजारचा वर गेला म्हणजे मी खाली, मग माणसं चोऱ्या करणार नाहीत तर काय. मायक्रोसॉफ्टने 2013 मध्ये ही पद्धत बंद केली, बाकीचे अजून कवटाळून बसलेत. माझी पाच वर्षं त्यात गेली.

आडवाट: पद्धत वाईट आहे मान्य, पण त्याच पद्धतीत मी पण होते आणि मी कोणाचं चोरलं नाही.

चाफेकळी: मी दुसऱ्या बाजूचं सांगते, सांगायला लाज वाटते तरी. माझ्या उशिरा येण्याची चुगली एका सहकाऱ्यानेच साहेबांकडे केली असं मी धरून चालले. सहा महिने त्याला मीटिंगचे निरोप मुद्दाम दिले नाहीत. तो दोनदा सगळ्यांसमोर बोलणी खाऊन बसला, प्रमोशन हुकलं. नंतर कळलं, हजेरीच्या मशीनचा रिपोर्ट दर महिन्याला आपोआप साहेबांकडे जायचा. कोणी काही सांगितलंच नव्हतं. मी जाऊन कबूल केलं तर म्हणाला, "मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय." अजून झोप मोडते त्याने.

पारवा: हेच म्हणतोय मी. दोघेही जशास तसेवाले असले आणि एकाची एक चाल चुकून उलटी पडली की दोघं आळीपाळीने सूड घेत बसतात, थांबतच नाहीत. नोवाक आणि सिगमंड या संशोधकांनी 1992 मध्ये याच खेळावर दाखवलं की अशा चुका होत असतील तर दगा झाल्यावरही साधारण तीनात एकदा सोडून देणारा जास्त टिकतो.

रोखठोक: ताईंच्या बाबतीत कसली आलीय चूक? ‘एकुण’सकट चोरलंय! चाफेकळी, तुमच्यासारखं झालं असेल तर गोष्ट वेगळी, तेवढं मानतो. माझ्यावालाही मी कधी समोर बसवून विचारला नाही, हे खरंय. पण नसतोच विचारणार.

आडवाट: पारवा, तीनात एकदा वगैरे माझ्याच्याने होणार नाही, त्याला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. इथून पुढे त्याच्याबरोबरचं प्रत्येक काम मेलवर, साहेबांना कॉपी ठेवून. पण चाफेकळीचं वाचल्यापासून एक गोष्ट टोचतेय. मागच्या आठवड्यात नवीन आलेल्या मुलीने तोच तक्ता शिकायला मागितला. मी मान वर न करता "वेळ नाही" म्हटलं आणि फाइलला पासवर्ड लावला. ती सॉरी म्हणून गेली. तिने माझं काय केलं होतं? उद्या तिला बोलावून बसवते आणि सूत्रांसकट देते.

रोखठोक: द्या, पण मेलने द्या, तारखेसकट. आणि ती ‘एकुण’ची चूक तशीच राहू द्या, तुमची खूण आहे ती.

आडवाट: मेलने देईन. चूक मात्र दुरुस्त करूनच.