ग्रँड आयलंडचं पोवळं पांढरं दिसतंय, मेलं म्हणायचं का?

फोंड्याची बाई
नमस्कार मंडळी. अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. भाचा मे अखेरीस गोव्यातल्या ग्रँड आयलंडला स्कुबा करायला गेला होता. त्याने गोप्रोवर काढलेला व्हिडिओ परवा वर्गात दाखवला. खडकावर वाटीच्या आकाराचं एक पोवळं आहे, चांगलं परातीएवढं. कड तपकिरी, मधोमध पांढरंफटक. वर्गाने लगेच निकाल दिला, "बाई, मेलं! समुद्र तापला!" मला तेवढं सोपं वाटत नाही. शिवाय गढूळ पाण्यातली पोवळी उष्णता जास्त सोसतात असंही कानावर आलंय. आपलं पाणी तर गढूळच. मग गोव्याची पोवळी वाचतील, की ही नुसती मनाची समजूत? जाणकारांनी सांगावं.

वास्कोकर
बाई, तापमान राहू दे. टुरिस्ट बोटी नांगर सरळ खडकावर टाकतात, ते आधी बंद करा म्हणावं.

बोगमाळो_डायव्हर
वास्कोकरांचं खरं आहे, पण बाईंचा प्रश्न वेगळा आहे. मी बोगमाळोला डायव्ह मास्टर आहे, त्याआधी लक्षद्वीपला कडमत बेटावर कामाला होतो.

पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे. पोवळ्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, रंग त्याचा आणि बरंचसं अन्नही त्याचंच. पाणी नेहमीच्या सर्वांत गरम महिन्यापेक्षा एखादा अंश वर जाऊन काही आठवडे तसंच राहिलं की शैवाल बाहेर पडतं आणि पारदर्शक मांसातून खालचा चुन्याचा सांगाडा दिसू लागतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. पोवळं तेव्हा उपाशी असतं, पण जिवंत असतं. व्हिडिओ थांबवून झूम करा. पांढऱ्या भागावर ओलसर पापुद्रा आणि बारीक तोंडं दिसली तर जीव आहे. हिरवट शेवाळाची लव चढली असेल तर संपलं.

पण तुमच्या वर्णनावरून मला उन्हाआधी गाळाचा संशय येतो. वाटीसारखं म्हणजे ते बहुधा टर्बिनारिया नावाचं पोवळं. आपल्याकडे जुवारी-मांडवी नद्यांचा गाळ येतो, तो नेमका वाटीच्या तळाशी बसतो आणि तिथलं मांस गुदमरतं. उष्णतेने ब्लीचिंग झालं तर जो भाग उजेडाला जास्त उघडा, तो आधी फिका पडतो. मधोमध पांढरं आणि कड धडधाकट असेल तर आधी गाळ तपासा. पोरांना हे जरूर सांगा, नाहीतर प्रत्येक पांढऱ्या डागाचं खापर हवामानावर फुटतं.

गढूळ पाण्याचं म्हणाल तर त्यात तथ्य आहे. ब्लीचिंग होतं ते उष्णता आणि प्रखर ऊन दोन्ही मिळून. गढूळ पाणी उन्हाची धार कमी करतं. शैवाल गेलं तरी काही पोवळी पाण्यातले प्लवंग, म्हणजे तरंगते बारीक जीव, पकडून दिवस काढतात. त्यात आपला पावसाळा आहे. जूनमध्ये ढग येतात, समुद्र ढवळतो, पुढे खालचं गार पाणी किनाऱ्याकडे वर येतं, त्यामुळे उन्हाळा लांबत नाही. हिशेब आठवड्यांचा असतो. अमेरिकेची नोआ ही समुद्र-हवामानाची सरकारी संस्था जादा तापमान गुणिले आठवडे असा आकडा काढते. 4 च्या वर गेला की ब्लीचिंग, 8 च्या वर गेला की पोवळी मरायला लागतात. पाऊस उशिरा आला तर आपला आकडाही चढणारच.

आता जे मला खटकतं ते. लक्षद्वीपला 1998, 2010 आणि 2016 असे उष्णतेचे तीन मोठे फटके बसले. दर खेपेला आधीपेक्षा कमी पोवळी मेली. कागदावर वाटतं, वा, पोवळी कणखर झाली! पण पहिल्याच फटक्यात फांद्याफांद्यांची नाजूक अक्रोपोरा मोठ्या प्रमाणात गेली. मागे उरली ती मुळातच चिवट. पहिल्या दोन फटक्यांच्या मध्ये 12 वर्षं मिळाली, पुढच्या खेपेला 6. भरून यायला वेळच नाही. जिवंत पोवळ्यांचं आच्छादन 24 वर्षांत सुमारे 37 टक्क्यांवरून 19-20 टक्क्यांवर आलं. म्हणून कुणी "रेझिलियन्स वाढला", म्हणजे तग धरायची ताकद वाढली, म्हटलं की मी आधी विचारतो, मेली किती ते सोडा, परत किती आली?

आपल्या गोव्यात तर खडकाला चिकटलेल्या तुरळक वसाहती आहेत, लक्षद्वीपसारखा पोवळ्यांनीच बांधलेला खडक नाही. आपली पोवळी चिवट आहेत याचा अर्थ नाजूक जाती इथे फारशा टिकल्याच नाहीत, इतकाच.

मालवणी_पीएचडी
दादा, एक पुरवणी. काही पोवळी जुनं शैवाल सोडून ड्युरुस्डिनियम नावाचं उष्णता सोसणारं शैवाल धरतात. फायदा असा की ब्लीचिंग उशिरा होतं, तोटा असा की बहुतेकदा वाढ मंदावते. अशा गुणांना प्रयोगशाळेतून हातभार लावायचा विचार रूथ गेट्स आणि मॅडलिन व्हॅन ओपन या पोवळ्यांच्या अभ्यासकांनी 2015 मध्ये मांडला. पण त्यालाही मर्यादा आहेत. इराणच्या आखातातली पोवळी जगात सर्वांत जास्त उष्णता सोसणारी मानली जातात. 2017 च्या उन्हाळ्यात अबू धाबीजवळ त्यांतली जवळपास दोन तृतीयांश गेली.

फोंड्याची बाई
देव बरें करूं! व्हिडिओ परत लावला. पांढऱ्याच्या मधोमध राखाडी थर आहे, आधी मी त्याला सावली समजत होते. ऑक्टोबरात डायव्हिंग सुरू झालं की भाचा परत जाणार आहे. त्याला काय काय करायला सांगू?

बोगमाळो_डायव्हर
ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉच या पोवळं-निरीक्षण प्रकल्पाचं रंगांचं कार्ड मिळतं, ते घेऊन जा म्हणावं. पोवळ्याशेजारी धरून रंगाचा आकडा लिहायचा, सर्वांत फिका आणि सर्वांत गडद असे दोन्ही. नुसत्या फोटोवर विसंबू नका, पाण्यात लाल रंग आधी मरतो आणि सगळंच फिकट-निळसर येतं. खडकाचा दोन बाजूंनी लांबून फोटो घ्यायचा, नाहीतर त्या गढूळात तीच वाटी परत सापडणार नाही. डायव्हिंगच्या घड्याळावर दिसणारं पाण्याचं तापमान रोज लिहायचं. आणि गाळ झटकायला हात घालू नको म्हणावं, पोवळी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला.

वास्कोकर
आणि नांगराचं?

बोगमाळो_डायव्हर
त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येतो.