हेर्त्सोग, पाती आणि चोळीबांगडी

प्रश्न :
मुलगा जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या विद्यापीठात शिकतो. मी सध्या त्याच्याकडे आले आहे. विद्यापीठाचा संस्थापक, व्युर्टेम्बेर्गचा एबरहार्ट याच्यावर घरच्या मंडळींसाठी मराठीत दोन पानं लिहितेय. पहिल्याच वाक्याला अडले. त्याच्या ‘हेर्त्सोग’ या जर्मन किताबाला सरदार म्हणायचं की राजा? माझं वाक्य असं आहे : ‘1477 साली ड्यूक एबरहार्टने विद्यापीठ स्थापन केले. तो निपुत्रिक वारला.’ चालेल का?

उत्तर :
ताई, दोन्ही वाक्यांत एकेक शब्द बदलावा लागेल.

आधी हेर्त्सोग. जुन्या जर्मनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘फौजेच्या पुढे चालणारा’. म्हणजे शब्दशः सेनापतीच. पुढे ते पद राहिलं नाही, घराण्याचा किताब झाला. आपल्याकडे तळेगावच्या दाभाड्यांचं असंच झालं. त्रिंबकराव 1731 मध्ये डभईच्या लढाईत पडले आणि सेनापतीपद त्यांच्या अल्पवयीन मुलाकडे गेलं. तरी भाषांतरात ‘सेनापती’ लिहू नका, वाचणाऱ्याला लढाईच दिसेल. ‘सरदार’ फार खाली उतरतो, कारण सरदाराच्या वर त्याचा राजा रोज असतो. हेर्त्सोगच्या वर सम्राट होता खरा, पण आपल्या मुलखात न्याय, कर, नाणी सगळं तोच बघायचा. मी ‘ड्यूक’च ठेवतो, मराठी वाचकाला तो ओळखीचा आहे. मूळ शब्द एकदा द्यायचा असेल तर उच्चाराची सोय आपल्याकडे आहे. जर्मन ‘त्स’ म्हणजे चूल, चाक, चोर यांतला दंत्य च. इंग्रजीवरून आलेला ‘हर्झोग’ मात्र नको.

पण खरी अडचण सालाची आहे. 1477 मध्ये एबरहार्ट ड्यूक नव्हताच! तेव्हा तो ग्राफ होता, म्हणजे काउंट. पुढे सम्राट झालेल्या राजा माक्सिमिलियानने त्याला ड्यूक केलं ते वोर्म्स शहरात भरलेल्या साम्राज्याच्या सभेत, 21 जुलै 1495 रोजी. आणि फेब्रुवारी 1496 मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी तो गेला. आयुष्यभर ग्राफ, ड्यूक जेमतेम सात महिने. म्हणून वाक्य असं करा : ‘पुढे ड्यूक झालेल्या काउंट एबरहार्टने…’

याचा एक सुंदर पुरावा आहे, आणि तो आपल्या पंचतंत्रात आहे. एबरहार्टला लॅटिन येत नव्हतं, त्यामुळे तो ग्रंथ जर्मनमध्ये करवून घ्यायचा. पंचतंत्र पहलवी, अरबी, हिब्रू, लॅटिन असा प्रवास करत तिकडे पोचलं होतं. आंटोन फॉन फोर या धर्मगुरूने त्याच्यासाठी ते जर्मनमध्ये आणलं आणि 1483 मध्ये उल्म शहरात ते छापलंही गेलं. त्यातल्या विभागांची पहिली अक्षरं ओळीने लावली की एबरहार्टचं नाव उमटतं, त्याला लागून ‘ग्राफ’ आणि मग त्याचं ब्रीद, ‘आटेम्प्टो’ : मी धाडस करतो. करटक-दमनकाच्या गोष्टींच्या कडेला एका जर्मन काउंटचं नाव ओवलेलं आहे, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थक्क झालो होतो. उराखला त्याचा वाडा आहे. तिथल्या एका दालनाच्या भिंतींवर ताडाची झाडं आणि हेच ब्रीद रंगवलेलं आहे. ताड 1468 च्या जेरुसलेम यात्रेची आठवण. लांब दाढीही त्याच यात्रेशी जोडतात. जर्मनमध्ये त्याला ‘दाढीतला एबरहार्ट’ म्हणतात. आपण सरळ ‘दाढीवाला’ म्हणावं.

आता ‘निपुत्रिक’. त्याला एक औरस मुलगी झाली, बार्बारा, आईच्याच नावाची. 1475 मध्ये जन्मली आणि त्याच वर्षी गेली. लग्नाबाहेरची मुलं मात्र होती. जुन्या मराठीत त्यांना लेकावळे म्हणत, पण गादीवर त्यांचा हक्क नसे. म्हणून ‘औरस वारस नव्हता’ एवढंच लिहा. ‘निपुत्रिक’ म्हणून त्या मुलांना पुसून टाकायला नको.

प्रश्न :
खूप आभार! ग्राफचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. अजून दोन विचारते. त्याच्या लहानपणी राज्याचे ‘दोन भाग’ होते म्हणतात. आणि त्याच्या बायकोला विधवा झाल्यावर मिळालेल्या गावाला काय म्हणू?

उत्तर :
‘दोन भाग’ चुकीचं नाही, पण आपल्याकडे याहून नेमका शब्द आहे : पाती. देवास संस्थानची थोरली पाती आणि धाकटी पाती आठवा. 1442 मध्ये वडील लुडविग आणि काका उलरिख यांनी व्युर्टेम्बेर्गची वाटणी केली. एक पाती उराखची, दुसरी श्टुटगार्टची. एबरहार्ट चार वर्षांचा असताना वडील गेले, थोरला भाऊ 1457 मध्ये गेला, आणि चौदाव्या वर्षी कारभार याच्या हातात आला. श्टुटगार्टच्या चुलतभावाचं नावही एबरहार्टच, तेव्हा तिथे थोरला आणि धाकटा लावा. 1482 मध्ये म्युन्सिंगेनच्या तहाने दोन्ही पात्या थोरल्याच्या हाताखाली आल्या आणि पुन्हा वाटणी करायची नाही असं ठरलं. भाऊबंदकी हा शब्द इथे खुशाल वापरा. वोर्म्सचा किताबही मला याच अंगाने महत्त्वाचा वाटतो : सगळा मुलूख मिळून साम्राज्याची एकच, न वाटता येणारी जहागीर झाली. धाकटा गादीवर आला, पण 1498 मध्ये त्याला पायउतार व्हावं लागलं आणि त्याचा अकरा वर्षांचा पुतण्या उलरिख ड्यूक झाला.

बायको बार्बारा गोन्झागा, माहेर इटलीतलं मांटुआ. 1474 मध्ये आल्प्स ओलांडून उराखला लग्न करून आली. नवऱ्यामागे ती ब्योब्लिंगेनला राहिली आणि 1503 मध्ये तिथेच वारली. विधवेच्या निर्वाहासाठी लावून दिलेल्या अशा उत्पन्नाला आपल्याकडे ‘चोळीबांगडी’ म्हणत. शब्दाने विधवेच्या हातात बांगडी येते म्हणून बिचकू नका, पूर्वी घराण्यातल्या बायकांच्या नेमणुकीला तोच शब्द होता. तळटीप दिलीत की झालं.

एक गोष्ट मात्र वगळू नका, ताई. विद्यापीठ निघालं त्याच वर्षी ट्युबिंगेनमधून ज्यूंना घालवलं गेलं, आणि 1492 च्या मृत्युपत्रात एबरहार्टने आपल्या मुलखात ज्यूंना राहू द्यायचं नाही असं लिहून ठेवलं. तिथे ‘स्थलांतर’ लिहू नका. ‘हद्दपारी’ लिहा.