दुसऱ्या डिस्कचं काय करायचं?

ठाकुरद्वारकर

आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आहे, महिनाअखेरीस खोली रिकामी करून द्यायची आहे. पोटमाळ्यावरून डीव्हीडींचा खोका निघाला. सत्तरेक असतील, निम्म्याहून जास्त कार्टूनच्या. काळा घोड्याचं रिदम हाउस २०१६ साली बंद झालं, तोवर पगार झाला की एक, अशा जमवलेल्या. घरात सगळ्यांचं मत पडलं की हे सगळं आता ओटीटीवर आहे, रद्दीवाल्याला देऊन टाका.

देण्याआधी एक लावली. १९६७ च्या 'जंगल बुक'ची, २००७ साली आलेली दोन डिस्कची. सिनेमा माझ्या अकरा वर्षांच्या मुलाने पाच-सहा वेळा पाहिलाय, दुसरी, सिनेमा कसा झाला ते दाखवणारी बोनस डिस्क कधीच नाही. तिच्यात रॉकी नावाचा गेंडा भेटतो. अधू नजरेचा, कशावरही जाऊन आदळणारा. त्याचा सगळा प्रसंग चित्रांत मांडून झाला होता, आणि वॉल्ट डिस्नेने तो वगळायला लावला, कारण माकडांची धांदल संपते न संपते तोच गेंड्याची धांदल त्याला नको होती. टेरी गिल्किसन या गीतकाराने आधी रचलेली गाणीही त्या डिस्कवर आहेत. फार काळोखी वाटली म्हणून ती गेली, त्यातलं बलूचं 'बेअर नेसेसिटीज' तेवढं राहिलं.

मुलाने ते लागोपाठ दोनदा पाहिलं आणि विचारलं, "गेंड्याची चित्रं ज्याने काढली, त्याला वाईट वाटलं असेल का?" सिनेमा पाहून त्याने कधी चित्रं कुणी काढली हे विचारलं नव्हतं.

म्हणून माझं मत स्पष्ट मांडतो. लहानपणच्या कार्टूनबरोबर ते कसं झालं हे दाखवणारा मजकूर मिळालाच पाहिजे. नुसता सिनेमा हातात ठेवणं म्हणजे अर्धी वस्तू देणं. ओटीटीवर तो मजकूर कुठे असतो, कुठे नसतो, आणि आज असलेला उद्या राहील याची हमी कोण देणार? खोका मी नव्या घरी नेणार आहे.

सई_पार्ले

ठाकुरद्वारकर, मला हे पटत नाही.

आमच्या घरी एकच सिनेमा आधी व्हिडिओ कॅसेट, मग व्हीसीडी, मग डीव्हीडी असा तीनदा विकत घेतला गेला. डिस्नेने वर्षानुवर्षं हेच केलं: सिनेमा काही वर्षं बाजारातून काढून घ्यायचा आणि मग 'खास आवृत्ती' म्हणून परत आणायचा. त्या 'खास'मध्ये खास काय, तर ही दुसरी डिस्क. लोकांना तीच वस्तू पुन्हा घ्यायला लावण्यासाठी ती होती. २००७ च्या सुमारास मोझर बेअरने ३४ रुपयांना डीव्हीडी आणली, तेव्हा कुठे आमच्यासारख्यांच्या घरात सिनेमे आले. त्यात बोनस नव्हता आणि आम्हाला त्याची उणीव कधी भासली नाही.

शिवाय माझी मुलगी पाच वर्षांची आहे. तिच्यासाठी बलू हा बलू आहे. माइकसमोर उभा राहून बोलणारा एक माणूस तिला आत्ताच दाखवायची मला गरज वाटत नाही. आपण दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली बघायला बसायचो, तेव्हा आपल्याला कुणी सांगितलं होतं ते कसं केलंय? काही बिघडलं का?

चौकट

सईताई, पैशाचा मुद्दा मान्य. पण बोनसच्या आधी एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही: मूळ चित्र धड आहे का? डिस्नेच्या 'स्वॉर्ड इन द स्टोन'ची २०१३ ची ब्लू-रे लावून बघा. फिल्मचे कण घालवण्याच्या नादात चित्र इतकं घासलंय की पेन्सिलीच्या रेषा विरघळल्यासारख्या दिसतात. १९६१ च्या डालमेशियन कुत्र्यांच्या सिनेमापासून डिस्नेकडे चित्रकाराची रेष झेरॉक्स करून थेट सेलवर, म्हणजे कार्टून रंगवायच्या पारदर्शक तावावर, उतरवायला लागले. ती खरखरीत काळी रेष म्हणजे त्या माणसाचा हात. तोच पुसून टाकायचा आणि शेजारी त्याची मुलाखत द्यायची, याला अर्थ नाही.

पण जिथे दोन्ही नीट झालं, तिथे त्याला तोड नाही. 'लूनी ट्यून्स गोल्डन कलेक्शन'चा पहिला संच २००३ चा. चार डिस्क, ५६ कार्टून. काहींवर संवाद बंद करून फक्त संगीत ऐकता येतं. संगीतकार कार्ल स्टॉलिंगचा वाद्यवृंद असा उघडा ऐकला तेव्हा कळलं की बग्ज बनीच्या प्रत्येक पावलाला सूर लावलेला आहे. मी ऐरोली-ठाणे लोकलमध्ये कानात तेच लावून उभा असायचो.

आणि बोनसचा आणखी एक उपयोग आहे. जुन्या कार्टूनमध्ये काळ्या माणसांची टिंगल आहे. तिसऱ्या संचात अभिनेत्री हूपी गोल्डबर्ग समोर येऊन सांगते की हे तेव्हाही चूक होतं, पण लपवलं तर ते घडलंच नाही असं म्हटल्यासारखं होईल. याच्या उलट 'टॉम अँड जेरी'च्या गोल्डन कलेक्शनचं. दुसऱ्या भागातून अशीच दोन कार्टून वगळायचं ठरलं, चाहते चिडले आणि २०१३ मध्ये यायचा तो भाग आलाच नाही. कापण्यापेक्षा सोबत दोन शब्द जोडणं बरं, असं मला वाटतं.

सई_पार्ले

ते दोन शब्द मुलं ऐकतात का? रिमोट हातात असलेलं मूल प्रस्तावना पुढे ढकलतं. घरातलं मोठं माणूस शेजारी बसून बोललं तरच उपयोग, आणि त्याला डिस्क लागत नाही.

गिरणगाव

मी तिसरंच बोलतो. "कसं झालं" हे दाखवतं कोण? मालक. मग त्यात काय असणार?

'द रिलक्टंट ड्रॅगन' नावाचा डिस्नेचा सिनेमा आहे, जून १९४१ चा. सिनेमा म्हणजे जवळजवळ सगळी स्टुडिओची सफर: इथे रंग घोटतात, इथे आवाज काढतात, सगळे हसतमुख. आणि तो थिएटरला लागला त्याच वेळी डिस्नेचे चित्रकार संपावर होते. २९ मे १९४१ ला संप सुरू झाला. आर्ट बॅबिट, स्टुडिओतला नावाजलेला अॅनिमेटर, युनियनच्या कामावरून काढला गेला होता. सिनेमाच्या थिएटरबाहेरही संपकरी फलक घेऊन उभे राहिले. पुढे २००२ मध्ये हाच सिनेमा स्टुडिओच्या पडद्यामागच्या गोष्टी सांगणाऱ्या डीव्हीडी संचात आला.

माझे वडील गिरणीत होते. ८२ च्या संपानंतर पुन्हा कामावर गेले नाहीत. आज त्या जागी उभ्या मॉलच्या भिंतीवर गिरणीचे जुने, देखणे फोटो लावलेत. यंत्रं दिसतात, माणसं दिसत नाहीत. बोनस डिस्क पाहताना मला त्या भिंतीची आठवण येते.

ठाकुरद्वारकर

गिरणगाव, फलकवाल्यांची गोष्ट मला ठाऊक नव्हती. दुसऱ्या डिस्ककडे आता वेगळ्या नजरेने बघेन.

सईताई, पडद्यामागचं दाखवलं की बलूची जादू मोडते असं तुमचं म्हणणं दिसतं, तिथे मात्र अडतो. 'ब्युटी अँड द बीस्ट' १९९१ साली न्यूयॉर्कच्या महोत्सवात अर्धवट स्थितीत दाखवला होता, मध्येच रंगीत, मध्येच नुसत्या पेन्सिली. ती प्रत २००२ च्या डीव्हीडीवर आहे. आमच्या घरी ती लावली तेव्हा नाचाच्या प्रसंगात मुलाची आजी डोळे पुसत होती, आणि पडद्यावर धड रंगही नव्हते.

आणि दूरदर्शनच्या मोगलीचं म्हणाल तर मला आजही ते जाणून घ्यायचंय. चित्रं जपानमध्ये झालेली, गाणं गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजांची, शेरखान नाना पाटेकरांच्या आवाजात, आणि मूळ गोष्ट लिहिणारा किपलिंग जन्मला आपल्या जे. जे.च्या आवारात. त्या डबिंगच्या दिवसांवर अर्ध्या तासाची फिल्म सोबत मिळाली तर मी तीनदा विकत घेईन.

रंगकाम

मी सहसा इथे फक्त वाचते. पण ही चर्चा माझ्या कामाची आहे.

१९८० च्या दशकात मी अंधेरीच्या एका स्टुडिओत सेल रंगवायचे. जाहिराती, थोडं सरकारी काम. सेल पारदर्शक असतो. रेष पुढून आणि रंग मागून भरायचा, म्हणजे रेषेवर रंग चढत नाही. हातात पातळ सुती मोजे, दोन बोटांची टोकं कापलेली, कारण घामाचा ठसा उठला की तो कॅमेऱ्यात दिसतो. मे महिन्यातही पंखा बंद. धूळ उडते आणि रंग भरता भरता सुकतो, मग कडा दिसते. सेकंदाला चोवीस फ्रेम. बहुतेकदा एक सेल दोन फ्रेमना चालायचा, तरी बारा सेल गेले की एक सेकंद झाला.

गिरणगावदादा, मालक आपल्याला हवं तेच दाखवतो हे खरं. पण त्यांच्या त्या सिनेमात निदान टेबल तरी दिसतं. आमच्या टेबलाचा एक फोटो माझ्याकडे नाही. पेडर रोडवर फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून युनिटमध्ये १९५६ साली डिस्नेच्या 'बांबी'वर काम केलेला क्लेअर वीक्स शिकवायला आला, पुढे नावाजलेले अॅनिमेटर राम मोहन तिथेच शिकले. 'एक अनेक और एकता' ही कार्टून फिल्म १९७४ ची. ती करणाऱ्या विजया मुळे आणि भीमसैन यांची नावं तरी लोकांना माहीत आहेत. सेल कुणी रंगवले?

२०२५ च्या जानेवारीत जपानचे युगो साको आणि राम मोहन यांचं कार्टून रामायण थिएटरला आलं, तेव्हा नातीला घेऊन गेले. मी त्या कामात नव्हते. शेवटी नावं सुरू झाली आणि लोक उठायला लागले. नातीला म्हटलं, थांब, वाचू दे.

सई_पार्ले

मावशी, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. डिस्क मी तरी घरात ठेवणार नाही आणि पाच वर्षांच्या मुलीला पडद्यामागचं दाखवणार नाही, तिथे माझं मत तेच आहे. पण तुम्ही परवानगी दिलीत तर तुमचं बोलणं नीट कॅमेऱ्यावर घ्यायला मी येईन. संपादनही करून देईन.

ठाकुरद्वारकर

मीही येतो. मुलाला आणतो.

गिरणगाव

जाल तेव्हा पैसे किती मिळायचे तेही विचारा. ते कुठल्याच डिस्कवर नसतं.

रंगकाम

या. सकाळी या, दुपारनंतर आमच्या खोलीत उजेड कमी असतो. थोडे सेल बटर पेपरमध्ये गुंडाळून ठेवलेत, ते काढते. आणि पैशाचं लपवण्यासारखं काही नाही. पगार नव्हता, सेलवर हिशेब असायचा. रोजचे किती झाले, किती परत आले, सगळं लिहिलेल्या दोन वह्या आहेत.