मदत हवी आहे: जुन्या डेस्कटॉपवर स्क्रीन गुलाबी होते आणि रंगीत चौकोन येतात

नमस्कार मंडळी,

घरच्या जुन्या कॉम्प्युटरने गेले तीन आठवडे नुसता छळ मांडलाय. ज्यांना यातलं कळतं त्यांनी प्लीज शेवटपर्यंत वाचा, जरा लांबलंय पण काही सुटायला नको म्हणून सगळंच लिहितेय.

मशीन २००९ सालचं आहे. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, वेगळं बसवलेलं जीफोर्स ९५०० जीटी ग्राफिक्स कार्ड, विंडोज १०. मॉनिटर व्हीजीए केबलने जोडलाय, ती निळ्या टोकाची स्क्रूवाली. वापरतात बाबा. घरातले जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो स्कॅन करून ते एकेक साफ करत बसलेत, ओरखडे काढायचे, डाग पुसायचे, चेहऱ्यावरून गेलेली घडी बुजवायची, असे तीनशेच्या वर फोटो झालेत आणि तेवढेच राहिलेत. त्यांचा हात या मशीनवर बसलाय, स्कॅनरही यालाच चालतो, त्यामुळे हे मशीन वाचवायचंच आहे.

आता त्रास काय तर मधूनच सगळी स्क्रीन गुलाबी-जांभळट होते. कधी सकाळी चालू केल्यापासूनच, कधी टेबलाला धक्का लागला की. बाबांना वाटलं स्कॅनमध्येच रंग आलाय म्हणून त्यांनी तीन फोटोंचा गुलाबीपणा मारून ते "राखाडी" केले, आणि ते माझ्या लॅपटॉपवर उघडले तर आजोबा हिरवेगार. तीन दिवसांचं काम वाया गेलं, बाबा काही बोलले नाहीत पण त्या दिवशी परत खुर्चीवर बसले नाहीत.

दुसरं म्हणजे चालू करून पंधरा-वीस मिनिटं झाली की, विशेषतः व्हिडिओ लावला किंवा फोटो खूप मोठा करून फिरवला की, स्क्रीनवर बारीक रंगीत चौकोन उमटतात, मग उभ्या रेघा, मग दोन-तीन सेकंद सगळं काळं आणि परत चित्र येतं तेव्हा खाली मेसेज की डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं आणि आता तो सावरलाय. दोनदा निळी स्क्रीनही आली, त्यावर व्हिडिओ टीडीआर फेल्युअर लिहिलेलं होतं.

आत्तापर्यंत ड्रायव्हर दोनदा काढून घातला, विंडोज नव्याने टाकून झालं. एका दुरुस्तीवाल्यांनी उघडूनही न बघता मदरबोर्ड गेलाय म्हणून सांगितलं. आता परवा मी ड्रायव्हर काढून टाकलाय तर स्क्रीन १०२४ बाय ७६८ वर अडकलीय, सगळं फुगलेलं दिसतं, पण चौकोन दोन दिवसांत एकदाही आले नाहीत! गुलाबी मात्र होतेच. म्हणजे ड्रायव्हरच खराब होता का? मग गुलाबी कशाने होतेय? डोकं चालेनासं झालंय.

प्रतिसाद:

ड्रायव्हरच. सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयूने (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचं प्रोग्रॅम) जुना ड्रायव्हर मुळापासून साफ करा, मग ३४२.०१ नंबरचा ड्रायव्हर टाका. या पिढीच्या कार्डांसाठी विंडोजवर तोच शेवटचा, डिसेंबर २०१६ चा, त्यानंतरचा शोधत बसू नका, कुठे "लेटेस्ट" म्हणून मिळाला तर घेऊ नका. आणि विंडोज अपडेटला आपोआप ड्रायव्हर टाकू देऊ नका, डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंगमध्ये जाऊन "नो" करून ठेवा.

प्रतिसाद:

वरच्यांनी ड्रायव्हरचा नंबर बरोबर दिलाय, पण निदान घाईत झालंय असं मला वाटतं.

ताई, ड्रायव्हर काढल्यावर चौकोन गेले म्हणजे ड्रायव्हर दोषी असं होत नाही. आत्ता डिव्हाइस मॅनेजरमध्ये बघा, डिस्प्ले अडॅप्टर्सखाली मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर दिसेल. त्याच्यावर कार्डाला जवळजवळ कामच नसतं, फक्त चित्र बाहेर पाठवायचं एवढंच, व्हिडिओ उलगडणं वगैरे सगळा भार प्रोसेसरवर येतो. आजारी माणूस झोपून आहे तोवर बरा दिसतो तसं.

आधी एक साधी गोष्ट करा. ड्रायव्हर परत घाला, चौकोन आणि गुलाबी रंग दोन्ही एकाच वेळी दिसतील तेव्हा प्रिंट स्क्रीन मारून चित्र सेव्ह करा आणि ते मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर उघडून बघा. स्क्रीनशॉट कार्डाच्या मेमरीतून उचलला जातो, केबल आणि मॉनिटर त्याच्या पुढे येतात. म्हणजे स्क्रीनशॉटमध्ये जे दिसेल ते कार्डाच्या आत बिघडतंय, आणि जे स्क्रीनवर दिसतं पण स्क्रीनशॉटमध्ये नाही ते कार्डातून बाहेर पडताना किंवा पडल्यावर. एवढ्या एका फोटोने निम्मा शोध संपतो.

शिवाय दोन गोष्टी बघून सांगा. चालू करताना बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीची सेटिंगची स्क्रीन) गेलात तर तिथली पांढरी अक्षरं पांढरी आहेत की गुलाबी? तिथे विंडोजचा ड्रायव्हर अजून आलेलाच नसतो. आणि स्क्रीन गुलाबी असताना मॉनिटरचं स्वतःचं मेनू बटण दाबा, ब्राइटनेस-काँट्रास्टचा जो मेनू येतो तो मॉनिटर स्वतः काढतो, त्याचा रंग कसा आहे?

धागाकर्ती:

खूप खूप धन्यवाद, आज संध्याकाळी सगळं करून बघितलं.

स्क्रीनशॉट मोबाइलवर उघडला तर चौकोन जसेच्या तसे आहेत पण गुलाबी अजिबात नाही! फोटोतला राखाडी चक्क राखाडी. बायोसमधली अक्षरं गुलाबी. मॉनिटरचा मेनू मात्र शुभ्र पांढरा, मागे सगळं गुलाबी आणि मधोमध तो पांढरा चौकोन.

म्हणजे ही दोन वेगळी दुखणी आहेत का??

प्रतिसाद:

हो, अगदी दोन वेगळी, आणि तीन आठवडे तुम्ही त्यांना एक समजून मागे धावताय म्हणून काही सापडत नव्हतं.

गुलाबीचं सोपं आहे. मॉनिटरचा मेनू पांढरा म्हणजे पॅनल ठीक, स्क्रीनशॉट स्वच्छ म्हणजे कार्डाच्या मेमरीतलं चित्र ठीक, राहिली केबल आणि दोन्हीकडची सॉकेटं. व्हीजीएमध्ये लाल, हिरवा, निळा प्रत्येकाची वेगळी पिन असते, पहिल्या रांगेतली १, २ आणि ३ नंबर. हिरवा तुटला की पांढऱ्याचं गुलाबी-जांभळं होतं, निळा तुटला की पिवळं, लाल गेला की निळसर हिरवं. तुमचा हिरवा जातोय, म्हणजे २ नंबरची पिन किंवा तिची आतली तार. टेबलाला धक्का लागला की होतं असं तुम्हीच लिहिलंय.

मशीन आणि मॉनिटर दोन्ही बंद करून केबल दोन्हीकडून काढा आणि उजेडात पिना बघा. एक सांगून ठेवतो, मधल्या रांगेतली ९ नंबरची पिन बऱ्याच केबलींना मुळातच नसते, ती जागा रिकामी दिसली तर तुटली समजू नका. पिन वाकलेली असेल तर शिसं काढलेल्या पेन पेन्सिलीचं पोकळ टोक तिच्यावर सरकवून अगदी हळू सरळ करता येते, पण एकदाच, पुन्हापुन्हा वाकवली तर मोडते.

धागाकर्ती:

सापडली!!! कार्डाच्या बाजूचं टोक, वरच्या रांगेतली दुसरी पिन तिरकी होऊन शेजारच्या पिनेकडे झुकलेली. बाबांनीच टॉर्च धरला आणि त्यांनाच आधी दिसली. मागच्या महिन्यात झाडताना कॅबिनेट ओढलं होतं आणि केबल नंतर घाईत खोचली होती, स्क्रू न लावता, तेव्हाच झालं असणार. सरळ केली, दोन्हीकडचे स्क्रू पिळून लावले, केबल हलवून बघितली, टेबलावर थापटून बघितलं, रंग हलत नाही. तरी नवीन केबल आणून ठेवणार आहे.

आता चौकोन.

प्रतिसाद:

चौकोनांसाठी कार्ड काढून ओव्हनमध्ये दहा मिनिटं ठेवा, इंटरनेटवर बरेच जण करतात, माझ्या मित्राचं चालू झालं होतं.

प्रतिसाद:

कृपा करून हे करू नका. त्याने चालू झालं तरी थोड्या दिवसांपुरतं होतं, कपॅसिटर आणि प्लास्टिक खराब होतं, आणि निघणारा धूर ज्या ओव्हनमध्ये आपण खायचं भाजतो त्यात भरतो. इथे तर अजून साधी तपासणीही झालेली नाही.

ताई, पंधरा-वीस मिनिटांनी आणि काम पडल्यावर होतं म्हणजे पहिला संशय उष्णतेवर. जीपीयू-झेड नावाचं छोटं प्रोग्रॅम आहे, त्यात सेन्सर्सच्या टॅबवर कार्डाचं तापमान दिसतं. नुसतं चालू असताना किती आणि व्हिडिओ लावल्यावर किती ते लिहून घ्या, आणि चौकोन कितीला येतात तेही. आणि कुणी रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये) टीडीआर डिले, म्हणजे कार्डाची वाट बघायचा वेळ, वाढवा म्हणून सांगितलं तर तेही नको. कार्ड २ सेकंद गप्प राहिलं की विंडोज त्याला रीसेट करतं, तुमची स्क्रीन काळी होते ती त्यामुळेच. तो वेळ वाढवून कार्ड काही थंड होणार नाही.

धागाकर्ती:

नुसतं चालू ठेवलं तर ७१ अंश. व्हिडिओ लावला, बारा मिनिटांत १०३!! आणि पहिला चौकोन ९८ ला आला, मी बघतच होते.

प्रतिसाद:

मग आता कॅबिनेट उघडायचं. वायर भिंतीतून काढा, त्यानंतर पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे आतला उरलेला करंट जाईल, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा आणि मगच कार्डाला. एसएमपीएसचा (वीजपुरवठ्याचा) डबा उघडायचा नाही, काहीही झालं तरी. कार्डाचा स्क्रू काढा, स्लॉटच्या टोकाची छोटी क्लिप दाबा, मग सरळ वर ओढा, क्लिप विसरून ओढलंत तर स्लॉट तुटेल. पंखा बोटाने फिरवून बघा. ब्लोअर मारताना पाती धरून ठेवा, हवेने गरगर फिरली तर बेअरिंग जातं. आणि हाताशी आहे तर कार्डावरचे आणि मदरबोर्डवरचे कपॅसिटर बघून घ्या, डोकं सपाट हवं, फुगलेलं किंवा वर तपकिरी चिकट आलेलं असेल तर फोटो टाका.

धागाकर्ती:

रविवारी केलं. जरा सविस्तर लिहिते कारण उद्या कुणाला तरी उपयोगी पडेल.

पंखा वरून स्वच्छ दिसत होता, म्हणून तर कुणाला शंका आली नव्हती. पण पंख्याचे चार स्क्रू काढून तो बाजूला केला तेव्हा खाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये धुळीचा नुसता नमदा बसलेला, करडा, जाड, चिमट्याने उचलला तर अख्खा एका तुकड्यात निघाला, पट्ट्यांचे ठसे त्याच्यावर उमटलेले. हवा आत जायला जागाच नव्हती. पंखाही बोटाने ढकलला की अर्धा फेरा मारून थांबायचा.

मग हीटसिंक काढला. थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने पुसली, चिपवर नवीन पेस्ट डाळीच्या दाण्याएवढी लावली आणि सगळं परत बसवलं. पंख्यावरचा स्टिकर अर्धा उचलून खाली मशीनच्या तेलाचा एकच थेंब टाकला. कार्डाच्या खालच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने घासून कचरा झटकला. कपॅसिटर सगळे सपाट आहेत.

त्यानंतर डीडीयू, ३४२.०१, पूर्ण रिझोल्यूशन परत आलं. नुसतं चालू असताना ४८. दोन तास व्हिडिओ आणि त्याच्या जोडीला बाबांचा सगळ्यात मोठा स्कॅन उघडून फिरवत ठेवला, ७२ च्या वर गेलंच नाही. एकही चौकोन नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) ४१०१ नंबरच्या, म्हणजे ड्रायव्हर थांबून सावरल्याच्या, नोंदींची रांग लागली होती, रविवारनंतर एकही नवीन नाही.

एकच शंका राहिलीय. सकाळी थंड मशीन चालू केलं की पहिलं मिनिटभर पंखा घरघरतो, मग शांत होतो. चालेल का असंच?

प्रतिसाद:

थोडे दिवस चालेल, पण बेअरिंग झिजलंय, तेलाचा थेंब तात्पुरता. पंखाच बदला. जुन्याच्या स्क्रूच्या भोकांमधलं अंतर आणि पात्यांचा व्यास मोजून ठेवा, प्लगला तारा दोन आहेत की तीन ते बघा, आणि १२ व्होल्टचाच घ्या. मिळेपर्यंत आठवड्यातून एकदा तापमान बघत जा, ८५ च्या पुढे दिसायला लागलं तर थांबा.

आणि कार्ड कधी गेलंच तर घाबरू नका, आधी कॅबिनेटच्या मागे मदरबोर्डचं स्वतःचं व्हीजीए सॉकेट आहे का बघून ठेवा. असेल तर कार्ड काढून मॉनिटर तिथे लावला तरी फोटोंचं काम होईल. चित्र आलं नाही तर बायोसमध्ये पहिला डिस्प्ले कुठला ते बदलावं लागतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा साफ केलेल्या फोटोंची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आत्ताच काढा.

धागाकर्ती:

सॉकेट आहे, धुळीत झाकलेलं होतं. फोटोंची कॉपी आत्ता चालू केलीय. ते तीन हिरवे झालेले फोटो बाबांनी मूळ स्कॅनवरून परत करायला घेतलेत, पहिला झाला.