मदत हवी आहे : मज्जारज्जूच्या दुखापतीवर पेशी प्रत्यारोपण

नमस्कार. गेल्या वैशाखात देवगडजवळच्या आमच्या बागेत हापूस उतरवताना फांदी मोडून माझा धाकटा भाऊ खाली पडला आणि मज्जारज्जूला इजा होऊन त्याची कमरेखालची संवेदना गेली. आई दर दोन तासांनी त्याची कूस बदलते, टाचांखाली जुन्या लुगड्याची घडी ठेवते.

एका खासगी केंद्राने ‘स्टेम सेल’ची (इतर प्रकारच्या पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशींची) इंजेक्शने सुचवली आहेत आणि त्यासाठी आई कलमे विकायलाही तयार आहे, पण माझे मन धजत नाही, कारण आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा दुखापतीत हा उपचार केवळ रुग्णांवरील मान्यताप्राप्त चाचणीतच (क्लिनिकल ट्रायल) करता येतो. जपानच्या केइओ विद्यापीठाने आयपीएस पेशींपासून (शरीरातील साध्या पेशी पुन्हा मूळ अवस्थेत नेऊन बनवलेल्या पेशींपासून) तयार केलेल्या पेशी चार रुग्णांना दिल्या आणि त्यांपैकी दोघांत सुधारणा दिसल्याचे २०२५ मध्ये जाहीर केले. मात्र त्या दुखापती काही आठवड्यांपूर्वीच्याच होत्या, भावाला तर दहा महिने झाले.

जुन्या दुखापतीचे रुग्ण घेणारी, सीटीआरआयवर (अशा चाचण्यांच्या भारतातील सरकारी नोंदवहीत) नोंदलेली चाचणी कोणास ठाऊक आहे का? तसेच रत्नागिरी-सिंधुदुर्गात घरी येऊन व्यायाम करून घेणारे अनुभवी फिजिओथेरपिस्ट असल्यास कृपया कळवावे.